मेल सर्व्हरवर नको ते पाठवणारे अडवायचे कसे? आमची यादी १४०० ओळींवर गेली

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो. आमचा मेल सर्व्हर स्वतःचा आहे. लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेतो-पाठवतो) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळतो), मेलबॉक्स चाळीस. माझ्या आधी जे होते त्यांची पद्धत मी तशीच पुढे चालवली. कुणी येऊन म्हणालं "हा नको", की तो पत्ता यादीत टाकायचा आणि पोस्टमॅप (यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारा हुकूम) चालवायचं. आज त्या यादीत १४०० ओळी आहेत, आणि तरीही परचेसच्या माणसाला रोज सकाळी साठ-सत्तर नको ते मेल हातानं पुसावे लागतात.

एवढंच असतं तर इथे लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "तीनदा ड्रॉइंग पाठवलं, तुम्ही उत्तरसुद्धा देत नाही?" लॉग उघडला. तिन्ही मेल आले होते आणि आमच्याच एका नियमानं ते गिळून टाकले होते. डिस्कार्ड. त्यांच्याकडे "पोचला" असंच दिसत होतं. तोपर्यंत कास्टिंगची ऑर्डर हुबळीला गेली होती. मालक मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून झोप नीट नाही.

तेव्हा विचारतो. अडवायचं कुठे, कशावरून, आणि चांगला माणूस दारात अडकू नये म्हणून काय करायचं?

संकेश्वरी_मिरची

बाकी सगळं नंतर. आधी त्या फाइलमधले सगळे डिस्कार्ड शोधा आणि त्यांचं रिजेक्ट करा. आजच करा.

आमचे वडील पोस्टात होते. पत्र घ्यायचं नसेल तर पोस्टमन त्यावर "घेण्यास नकार" लिहून परत पाठवायचा. पाठवणाऱ्याला कळायचं, मग तो माणूस पाठवून चौकशी करायचा. रिजेक्ट म्हणजे तेच. तुमचा सर्व्हर दारातच नाही म्हणतो आणि समोरच्याचा सर्व्हर आपल्या माणसाला कळवतो. डिस्कार्ड म्हणजे पत्र सही करून घ्यायचं आणि मार्कंडेय नदीत सोडून द्यायचं.

टिळकवाडी_पहिलं_गेट

मिरचीताईंशी सहमत, एक भर घालतो. नकार दारातच द्यायचा, आत घेऊन नंतर परत पाठवायचा नाही. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो. आधी स्वीकारून मग "परत" पाठवलंत तर ते त्या बिचाऱ्याच्या पेटीत जाऊन पडतं, ज्यानं काहीच पाठवलेलं नाही. अशा परतीच्या मेलांमुळे आमच्या सर्व्हरचा आयपीच (जाळ्यावरचा आकड्यांचा पत्ता) एका काळ्या यादीत गेला होता. सहा दिवस आमचे मेल कुठेच पोचत नव्हते.

आता १४०० ओळींबद्दल. पत्र आणि लिफाफा वेगळे असतात हे धरून चला. दोन सर्व्हर बोलताना "मेल फ्रॉम" म्हणून जो पत्ता सांगतात तो लिफाफ्यावरचा. तुमच्या परचेसच्या माणसाला स्क्रीनवर जो "फ्रॉम" दिसतो तो आतल्या कागदाच्या डोक्यावर छापलेला. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असं कुठेही नाही.

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

दादा, मग आमची यादी कुठला पत्ता बघते? आम्ही पोस्टफिक्सचा चेक_सेंडर_ॲक्सेस हा नियम वापरतो. पत्ता मात्र स्क्रीनवर दिसतो तोच कॉपी करून टाकतो.

टिळकवाडी_पहिलं_गेट

चेक_सेंडर_ॲक्सेस फक्त लिफाफा बघतो. म्हणजे तुमच्या कितीतरी ओळी कधी कुणाला लागल्याच नसतील. लॉगमध्ये "फ्रॉम=" पुढे जे दिसतं ते लिफाफ्याचं. तिथून घ्या.

वडगाव_हातमाग

आता कळलं! दोन वर्षं एकाच माणसाला ब्लॉक करूलालोय आणि तो रोज येतोयच. लिफाफा बघितलाच नव्हता की ओ.

निवृत्त_मास्तर_५९००

थोडं विषयांतर, पण मुळाशी जाणारं आहे. नको असलेला व्यापारी मेल इंटरनेटपेक्षाही जुना आहे. ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या कॉम्प्युटरची जाहिरात एकदम पाठवली. लोक चिडले, अर्पानेट चालवणाऱ्यांकडून तंबी आली. मेल पोचवण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिला. त्या वेळी जाळ्यावर माणसं थोडी, एकमेकांना ओळखणारी. त्यामुळे "तू म्हणतोस तो तूच कशावरून?" हा प्रश्नच त्या नियमात नाही. एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठली यंत्रं मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (हे दोन्ही जुळले नाहीत तर काय करायचं ते सांगणारा नियम) ही पुढे लावलेली ठिगळं आहेत. चांगली आहेत, मी लावतो, पण मूळ कापड कसलं आहे हे माहीत असलेलं बरं.

खानापूरवाली

आमच्याकडे यादीत तीन ओळी आहेत. १४०० नाहीत.

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

ताई, तीन ओळींत कसं भागवता? सविस्तर सांगा ना.

खानापूरवाली

सांगते. काजू-लाकडाच्या व्यापाऱ्यांचे मेल बघते मी, पंचवीस-तीस पेट्या. नाव बघून अडवायचं सोडून दिलं. समोरचा दारात वागतो कसा ते बघते.

एक, बोलणं सुरू करताना हॅलो म्हणतात, तेव्हा जो स्वतःचं नाव म्हणून आमच्याच सर्व्हरचं नाव किंवा आमचाच आयपी सांगतो, तो चोर. बाहेरच्या कुणाला आमचं नाव सांगायचं कारणच नाही. रिजेक्ट. ही एकच ओळ लावल्यावर दुसऱ्या दिवशी लॉग बघून मी हसत सुटले, इतके पकडले गेले. दोन, हॅलोमध्ये धड पूर्ण नाव न सांगणारे किंवा वाटेल ती अक्षरं टाकणारे. त्यासाठी पोस्टफिक्समध्ये तयार नियम आहेत. तीन, बोलायची पाळी यायच्या आधीच घाईनं बडबड सुरू करणारे. हे पोस्टफिक्सचंच पोस्टस्क्रीन बघतं. खरा मेल सर्व्हर थांबतो. स्पॅम पाठवणाऱ्या यंत्राला लाखभर दारं ठोठवायची असतात, त्याला थांबायला वेळ नसतो.

पण ज्याच्या आयपीला उलटं नाव नाही (आयपीवरून शोधलं तर सर्व्हरचं नाव सापडत नाही) त्या सगळ्यांना सरसकट हाकलू नका. कडक नियम लावला आणि आमच्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याचे मेल बंद झाले. त्यांचा सर्व्हर तसाच कुणीतरी बसवून दिलेला होता, बिचाऱ्यांना काय माहीत.

आणि उद्यमबागदादा, तुमच्या फाइलमध्ये कुठे "ओके" लिहिलेल्या ओळी आहेत का? असतील तर ती यादी कुठल्या नियमात, कितव्या नंबरावर लावली आहे ते बघा. पोस्टफिक्स वरून खाली वाचतो आणि पहिला निकाल धरतो. जुन्या आवृत्तीत ही यादी बाहेरचे पत्ते नाकारणाऱ्या ओळीच्या वर असेल, तर तुमच्या गिऱ्हाइकाचा पत्ता लिफाफ्यावर लिहून कुणीही तुमच्या सर्व्हरवरून जगभर मेल पाठवू शकतो. २.१० आवृत्तीपासून रिलेचे (दुसऱ्यांचे मेल पुढे पाठवण्याचे) नियम वेगळे केलेत म्हणून जरा सुरक्षित, पण जुनी फाइल जशीच्या तशी उचलून आणली असेल तर तपासा.

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

आहेत. ३८ ओळी "ओके"च्या आहेत. यादी वरच आहे. आत्ता हलवतो.

संकेश्वरी_मिरची

खानापूरवाली अक्का, तुमच्यासाठी एक किलो जवारी मिरची बाजूला काढून ठेवते.

चिकोडी_सोसायटी

काळ्या यादीचा विषय निघालाय तर आमच्यावर बेतलेलं सांगतो. स्पॅमहाऊस या संस्थेची झेन ही काळी यादी पुष्कळ लोक वापरतात. आयपी विचारायचा, डीएनएसवरून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेवरून) उत्तर येतं, यादीत असेल तर दार बंद. मीही लावली, चार महिने झकास चाललं. मग एका सोमवारी सकाळी एकही मेल नाही. अकरा वाजेपर्यंत मला वाटलं लोक सुट्टीवर असतील. दुपारी सभासदांचे फोन सुरू झाले, "तुम्ही आम्हाला स्पॅमर म्हणता?"

झालं होतं असं. आदल्या शनिवारी सर्व्हरचा डीएनएस मी ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक) केला होता, लवकर उत्तर मिळतं म्हणून. स्पॅमहाऊस अशा सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही. ते १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतात, म्हणजे "इथून विचारू नका". माझ्या नियमात कुठलं उत्तर म्हणजे काय हे लिहिलेलंच नव्हतं. उत्तर आलं म्हणजे यादीत आहे, असं समजून पोस्टफिक्सनं अख्ख्या जगाला नाही म्हटलं.

उपाय दोन, दोन्ही करा. सर्व्हरवरच स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम) बसवा, मी अनबाउंड बसवलाय. आणि नियमात उत्तराचा पल्ला लिहा, १२७.०.०.२ ते ११ एवढंच धरायचं. बाकी उत्तर आलं तर दुर्लक्ष. व्यापारी वापराला त्यांच्या अटी वेगळ्या आहेत, त्या आधी वाचून घ्या.

मलप्रभाकाठ

चिकोडी साहेब, हे वाचून लगेच सर्व्हर उघडला. आमच्याकडे पल्ला लिहिलेला नव्हता. लिहिला. आभारी आहे.

निपाणी_तंबाखू

ग्रेलिस्टिंगचं कुणीच बोललं नाही. अनोळखी आला की "आत्ता नाही, थोड्या वेळानं या" म्हणायचं, ४५० कोड देऊन. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम पाठवणारं भाडोत्री यंत्र येत नाही. मी लावलं आणि पहिल्याच आठवड्यात निम्मा कचरा गेला.

पण ऐका. एका सरकारी पोर्टलचा ओटीपी दहा मिनिटांत संपायचा आणि आमच्याकडे मेल पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता सीए साहेब आणि मी दोघं स्क्रीनसमोर. ओटीपी मागवायचा, संपायचा, परत मागवायचा. मोठ्या मेल सेवा दुसऱ्यांदा येताना वेगळ्याच आयपीवरून येतात, म्हणून प्रत्येक वेळी त्या अनोळखीच ठरतात. आता सगळ्यांना नाही लावत. ज्याच्यावर आधीच थोडा संशय आहे त्यालाच "नंतर या" म्हणतो. आरएसपॅमडी या स्पॅम फिल्टरमध्ये हे सोपं आहे, संशयाचे गुण ठरावीक आकड्यावर गेले तरच ग्रेलिस्ट.

अथणी_अण्णा

मी घरी कन्नड बोलतो, बाजारात मराठी, म्हणून मला हे लिहायलाच पाहिजे. आपल्याकडे काही जण फिल्टरला भाषा शिकवतात. इंग्रजी आणि मराठी सोडून बाकी भाषेला स्पॅमचे जास्त गुण, असं. स्पॅमअसॅसिन या फिल्टरमध्ये तशी सोय आहे. पाच गुणांना मेल स्पॅम ठरतो, त्यात दोन-तीन भाषेचेच पडले की संपलं. एका ओळखीच्या कारखान्यात असंच केलेलं. तालुक्याच्या कचेरीतून येणारे कन्नड मेल महिनाभर स्पॅमच्या पेटीत. त्यात पाण्याच्या परवान्याची नोटीस होती, मुदत गेली, दंड बसला. उलटंही बघितलंय. कन्नड माणसानं बसवलेल्या सर्व्हरवर कोल्हापूर, मिरजेचे मराठी मेल अडकलेले.

आपण ज्या जिल्ह्यात राहतो तिथं एका दुकानाच्या पाटीवर तीन लिप्या असतात. इथं भाषा बघून दार लावलं की आपलाच शेजारी बाहेर राहतो. ते प्लगिन बंद ठेवा.

त्यापेक्षा फिल्टरला शिकवा. बायेसचं (शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणाऱ्या भागाचं) शिक्षण सुरू व्हायला स्पॅम २०० आणि चांगले मेल २०० लागतात. लोक स्पॅमच शिकवतात, चांगले शिकवतच नाहीत. तुमच्या ऑफिसातले खरे मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी मेल त्याला दाखवा. आमच्याकडं तेवढं केल्यावर मराठी मेल स्पॅममध्ये जायचे थांबले.

टिळकवाडी_पहिलं_गेट

अण्णा, शंभर टक्के. याला जोडून आणखी एक. कुणी पोस्टफिक्सच्या हेडर_चेक्समध्ये "लॉटरी", "कर्ज" असे मराठी शब्द टाकून विषयावरून अडवायला जातात. चालत नाही. देवनागरी विषय प्रवासात सांकेतिक इंग्रजी अक्षरांत बांधलेला असतो आणि पोस्टफिक्स तो उलगडून बघत नाही. बेस-६४ या सांकेतिक पद्धतीत तर तोच शब्द ओळीत कुठे पडतो त्यावर तीन वेगळी रूपं होतात. शब्दांचं काम आतल्या फिल्टरला द्या.

वडगाव_हातमाग

म्हणून "साडी सेल" कधीच अडकला नाही. असो, आम्हीच साड्या विणतो, त्यांनी आमच्याकडून घ्यायला पाहिजेत!

शहापूर_हिशेबनीस

कचरा मेल डोक्याला ताप, पण खरा घाव दुसरीकडून बसतो. आमच्या एका अशीलाला त्यांच्या पुरवठादाराच्या नावानं मेल आला. बँक बदलली, यापुढे या खात्यात भरा. डोमेनमध्ये एका अक्षराचा फरक, "एम"च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी शेजारी. त्या डोमेनचा एसपीएफ बरोबर, डीकेआयएम बरोबर, सगळं हिरवं. कारण डोमेन चोराचं स्वतःचंच होतं. पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून काही रक्कम गोठवता आली, सगळी नाही.

एसपीएफ पास म्हणजे माणूस चांगला असं नव्हे, हे माझ्या पोरांना मी रोज सांगतो. त्यावरून एवढंच कळतं की हा मेल त्या डोमेनच्या परवानगीच्या यंत्रावरून आला. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

खानापूरवाली

काकांचं बरोबर आहे. निदान आपल्याच डोमेनच्या नावानं कुणी आपल्याला मेल पाठवू नये एवढं तरी करा. आपल्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम लावा आणि डीमार्क. पण डीमार्क एकदम रिजेक्टवर नेऊ नका. आधी "नन" (काहीच अडवू नका) ठेवून महिनाभर अहवाल वाचा. वेबसाइटचा चौकशी फॉर्म, स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन, बिल पाठवणारं सॉफ्टवेअर, ही सगळी तुमच्याच नावानं कुठून कुठून मेल पाठवत असतात. ती सापडली, त्यांची परवानगी झाली, की मग कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलही दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांकडून ही तिन्ही मागतं.

मलप्रभाकाठ

फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड देणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्रॅम) लावणाऱ्यांसाठी. आमच्या ऑफिसात एकानं पासवर्ड बदलला, फोनवर जुनाच राहिला. फोन दर मिनिटाला चुकीचा पासवर्ड देतोय. सगळे एकाच राउटरमागे, बाहेर आयपी एकच. अख्खं ऑफिस बॅन. ऑफिसचा आयपी सुटीच्या यादीत ठेवा. मोबाइल कंपन्यांच्या आयपीवर तर एकावेळी पुष्कळ लोक असतात, तिथं बॅन तासाभराचाच ठेवा, कायमचा नको.

निवृत्त_मास्तर_५९००

एक गोष्ट अजून कुणी मांडली नाही. "नको असलेला" म्हणजे नेमका कुणाला नको? मशीन टूलवाल्याचं माहितीपत्रक हिशेब खात्याला कचरा, परचेसला तेच हवं असतं. नोकरी मागणाऱ्या मुलांचे अर्ज मालकांना नकोत, एचआरला हवेत. चाळीस जणांच्या दारावर एकच कुलूप लावलं की कुणाचं तरी हवं ते अडतं. डव्हकॉटमध्ये सीव्ह आहे, प्रत्येकाला आपल्या पेटीपुरते नियम लिहिता येतात, आणि सीव्ह स्क्रीनवर दिसणारा "फ्रॉम"ही बघू शकतो. सर्व्हरच्या दारात फक्त तेच अडवावं जे चाळिसांतल्या एकालाही नको.

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

मास्तर, हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमच्या १४०० पैकी निम्म्या ओळी तरी "एकाला नको" या जातीच्या असणार.

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशीर झाला.

डिस्कार्ड सगळे गेले. ओके-वाल्या ३८ ओळी हलवल्या, त्यातल्या पाच ठेवल्या. खानापूरवाली ताईंचे हॅलोचे नियम लावले, अनबाउंड बसवला, झेनला पल्ला लिहिला. नकाराच्या संदेशात मराठी-कन्नड टाकायचा विचार होता, पण ते सगळीकडे नीट दिसेलच असं नाही, म्हणून साध्या इंग्रजीत एक वाक्य आणि ऑफिसचा फोन नंबर टाकलाय. परचेसकडे आता सकाळी आठ-दहा मेल उरतात, ते सीव्हनं त्यांचे तेच बाजूला काढतात.

आता मुख्य. १४०० ओळी एकेक करून लॉगशी ताडून बघायला बसलो. ६१७ व्या ओळीवर एका जुन्या फुकट मेल सेवेचं अख्खं डोमेनच अडवलेलं होतं, आणि ते लिफाफ्यावर बरोब्बर लागत होतं. कोल्हापूरचे एक वयस्कर पॅटर्नवाले आहेत, ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न (नमुने) करणारे, आमच्याकडे वीस वर्षं काम. त्यांचा पत्ता तिथला. अडीच वर्षं त्यांचा एकही मेल आमच्यापर्यंत आला नव्हता. आम्हाला वाटलं त्यांनी काम बंद केलं. त्यांना वाटलं आम्ही तोडलं.

काल मालक आणि मी दोघं कोल्हापूरला जाऊन आलो. कपाटातून त्यांनी आमच्या जुन्या पंपाच्या केसिंगचा पॅटर्न काढून दाखवला. दर पावसाळ्याआधी त्याला पॉलिश करून ठेवत होते.

संकेश्वरी_मिरची

काय सांगू दादा, डोळे भरले वाचून. काम परत सुरू केलं ना त्यांच्याकडे?

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

केलं ताई. चौकशीचा मेल आज सकाळी त्यांच्याकडून आला, साडेनऊला. लॉगमध्ये आधी बघितला, मग पेटीत.

निपाणी_तंबाखू

राहिलेल्या ओळी किती?

उद्यमबाग_४०_मेलबॉक्स

४१२ तपासायच्या आहेत. रोज पन्नास करतोय.

खानापूरवाली

शनिवारी बेळगावात येणार आहे. लॅपटॉप घेऊन येते, दोघं मिळून संपवू. कुंद्याचं तुम्ही बघा.